सहा दिवसांचा हवापालट : अंदमान सहलीचे वैद्यकीय नियोजन

'थोडा हवापालट करून या' हा सल्ला आपण वैद्यक व्यावसायिक दिवसातून किती वेळा देतो, याची गणती कोणी केलेली नाही. परंतु हाच सल्ला आपणापैकी किती जणांनी स्वतः अमलात आणला, याची गणती करावयाची झाल्यास हाताची बोटे पुरतील. बुऱ्हाणपूरसारख्या गावात बहुतेकांचा दवाखाना एकट्याचा असतो. दाराला कुलूप लागले की रुग्णांची गैरसोय होते आणि आपल्या मनालाही स्वस्थता लाभत नाही. त्यामुळे लग्नसमारंभ, परिषदा आणि आप्तांची आजारपणे यांव्यतिरिक्त गाव सोडण्याचे प्रसंग आपणाला क्वचितच येतात. आपली तापी मुलताईस उगम पावून, आपल्या घाटांवरून वाहत सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करते व सुरतेजवळ सागरास मिळते. आपण मात्र जन्मभर तिच्या काठावरच राहतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही एकाच कुटुंबातील सात माणसे अंदमानास जाऊन आलो. त्यांत शहात्तर वर्षांची माझी आई होती आणि तीन वर्षांचा नातूही होता. सहलीचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. निसर्गसौंदर्याची छायाचित्रे आता सर्वांनाच पाहावयास मिळतात. एका बालरोगतज्ज्ञाने या सहलीची आखणी कशी केली आणि त्या आखणीमागे कोणती वैद्यकीय कारणे होती, एवढेच सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावे, असा मानस आहे. ही माहिती स्वतःच्या कुटुंबासाठी उपयोगी पडेलच. शिवाय 'डॉक्टरसाहेब, मुलांना घेऊन अंदमानला जातोय, काय काळजी घेऊ?' असे विचारणाऱ्या पालकांना उत्तर देतानाही ती हाताशी राहील.

आधी दवाखाना, मग बेट

सहलीच्या नियोजनाचा आरंभ तिकिटांपासून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. डॉक्टरांच्या बाबतीत तो दवाखान्यापासून व्हावयास हवा. महिना निवडताना मी प्रथम आजारांचे दिनमान पाहिले. आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर अतिसार, हिवताप, डेंग्यू यांची गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत तान्ह्या मुलांच्या श्वासनलिकादाहाने खाटा भरलेल्या असतात. फेब्रुवारीत या लाटा ओसरतात, आणि योगायोगाने अंदमानचा समुद्रही त्या सुमारास शांत असतो.

जाण्यापूर्वी पंधरा दिवस दवाखान्याच्या दारावर फलक लावला. त्यावर केवळ 'दवाखाना बंद राहील' एवढेच न लिहिता, त्या काळात कोणत्या सहकाऱ्यांकडे जावे हेही लिहिले. नुकतीच जन्मलेली बालके, दम्याची मुले, फिट्सची औषधे चालू असलेली मुले आणि मधुमेही मुले यांची एक छोटी यादी, चालू औषधांच्या मात्रांसह, दोघा मित्र डॉक्टरांच्या हाती दिली. त्या आठवड्यातील लसीकरणाच्या तारखा मागेपुढे करून घेतल्या. लसींचा शीतपेटीतील साठा कमीत कमी ठेवला. कारण आपण नसताना वीज गेली आणि तापमान दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेले, तर परतल्यावर त्या लसींवर विश्वास कसा ठेवावयाचा? एवढी व्यवस्था झाल्यावर मन निर्धास्त झाले. हवापालटाचा पहिला लाभ तेथेच पदरात पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

बेटांची ओळख

बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या अंदमान-निकोबार समूहात पाचशेहून अधिक बेटे आहेत. त्यांपैकी मनुष्यवस्ती असलेली चाळीसही नाहीत. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून 'श्री विजयपुरम्' असे करण्यात आले. त्यापूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे 'स्वराज द्वीप', नीलचे 'शहीद द्वीप' आणि रॉसचे 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप' असे नामकरण झाले. तिकिटांवर व फलकांवर जुनी-नवी दोन्ही नावे आढळतात, म्हणून ही नोंद. रॉस बेटाचे नाव हिवतापाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस यांच्यावरून पडले असावे, असे आपणा डॉक्टरांना सहज वाटते. परंतु ते डॅनियल रॉस नावाच्या सागरी सर्वेक्षकावरून पडले होते.

मात्र या बेटांच्या इतिहासाचा वैद्यकशास्त्राशी निकटचा संबंध आहे, हे खरे. आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८९ मध्ये येथे वसविलेली पहिली इंग्रज वसाहत अवघ्या सात वर्षांत, १७९६ मध्ये, रोगराईमुळेच मोडीत निघाली. पुढे १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये दोनशे कैदी घेऊन जो अधिकारी येथे उतरला, तो जे. पी. वॉकर हा पेशाने डॉक्टर होता. बेट सुंदर असले, तरी आरोग्याचा विचार केल्याशिवाय तेथे पाऊल ठेवू नये, हा धडा दोनशे वर्षांहून जुना आहे.

केव्हा जावे, कसे जावे

नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धात अंदमानात पोहोचतो. तो परतल्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरी येतातच, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील वादळांचा काळ असतो. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच एका वादळी हवेमुळे त्या वेळच्या हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना परत आणावे लागले. म्हणून लहान मुले व वृद्ध यांना घेऊन जावयाचे असल्यास जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

आपले गाव इटारसी-भुसावळ लोहमार्गावर असल्याने मुंबई गाठणे सोपे; मोटारीने इंदूर गाठणेही शक्य आहे. तेथून चेन्नई किंवा कोलकाता, आणि तेथून सुमारे १,३०० किलोमीटरचा, दोन-सव्वादोन तासांचा विमानप्रवास. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम् येथून जहाजेही जातात. परंतु त्यांना अडीच-तीन दिवस लागतात आणि सहा दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही. घरापासून बेटापर्यंतचा प्रवास एका दमात करू नये. आम्ही मधल्या शहरात एक रात्र मुक्काम केला. रात्रभर रेल्वेत जागलेल्या वृद्धेला आणि मुलाला पहाटेच्या विमानात बसविणे, म्हणजे सहलीचे पहिले दोन दिवस आजारपणास अर्पण करणे होय.

एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. अंदमानात घड्याळ आपलेच, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचे. परंतु बेटे आपल्यापासून सोळा-साडेसोळा रेखांश पूर्वेकडे आहेत. एका रेखांशास चार मिनिटे धरली, तर सूर्य तेथे आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. सकाळी दहाला निवांतपणे निघणाऱ्या कुटुंबाला ऐन उन्हात समुद्रकिनारा मिळतो आणि चहा संपेपर्यंत अंधार पडतो. आम्ही साडेसहाला न्याहारी, सातला बाहेर आणि दहाला सावलीत, असा क्रम ठेवला. मुले पहाटे उठतात याची एरवी तक्रार असते. येथे तोच गुण उपयोगी पडला.

किती बेटे पाहावीत?

सहलीच्या बहुतेक आखणीत सहा दिवसांत पाच बेटे दाखविली जातात. आम्ही फक्त दोन मुक्काम ठेवले : श्री विजयपुरम् आणि स्वराज द्वीप. आखणीचे नियम तीन होते. पहिला, परतीच्या विमानाच्या आदली रात्र कोणत्याही परिस्थितीत राजधानीतच काढावयाची. दुसरा, बोटीच्या परतीच्या प्रवासानंतर एक दिवस पूर्णपणे मोकळा सोडावयाचा. तिसरा, एका दिवशी एकच मोठा प्रवास. यांतील दुसऱ्या नियमाची उपयुक्तता लगेच कळली. आम्ही स्वराज द्वीपावरून निघणार त्या दिवशी वारा वाढला आणि बोट दुसऱ्या सकाळवर गेली. राखून ठेवलेला दिवस तेथे खर्ची पडला. परंतु विमान चुकले नाही, धावपळ झाली नाही, आणि आईने ती जादा संध्याकाळ नारळाच्या झाडांखाली खुर्ची टाकून आनंदात घालविली.

हा नियम केवळ सोयीचा नाही, वैद्यकीयही आहे. श्री विजयपुरम् येथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हे बेटांचे प्रमुख रुग्णालय आहे, आणि २०१५ पासून तेथे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. स्वराज द्वीपावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गंभीर रुग्णास तेथून हलविण्यासाठी बोट किंवा हेलिकॉप्टर लागते, आणि दोन्ही हवामानावर अवलंबून असतात. ज्याला अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याचा दमा आटोक्यात नाही, किंवा ज्या बालकाला ताप चालू आहे, त्याला अशा बेटावर नेऊ नये, असे आपण स्पष्टपणे सांगावयास हवे. नाही म्हणणे हाही औषधोपचारच आहे.

निघण्यापूर्वीची वैद्यकीय तयारी

लसीकरण : प्रवासास निदान दोन आठवडे असताना मुलाचे लसीकरण पत्रक तपासावे. गोवर, टायफॉइड संयुग्म लस, कावीळ 'अ' आणि इन्फ्लुएंझा यांतील राहिलेल्या मात्रा या निमित्ताने पूर्ण होतात. वृद्धांसाठीही इन्फ्लुएंझाची लस आठवावी.

हिवताप : 'गोळ्या घ्याव्यात काय?' हा हमखास प्रश्न. अंदमान-निकोबारमधील हिवतापाचा भार मुख्यत्वे दक्षिणेकडील बेटांवर राहिलेला आहे. नेहमीच्या पर्यटकांच्या वाटेवर धोका कमी आहे. ज्यांना जोखमीच्या भागात सहा आठवड्यांपेक्षा कमी काळासाठी जावयाचे आहे, त्यांना आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्सीसायक्लीन दिले जाते : प्रौढांस रोज १०० मिलिग्रॅम, प्रवासाच्या दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. आठ वर्षांखालील मुले व गर्भवती यांना ते देता येत नाही. आम्ही गोळ्या घेतल्या नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि डास पळविणारे मलम यांवर भर दिला. दोन महिन्यांखालील बाळास असे मलम लावू नये. त्यास मच्छरदाणीच खरी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे पालकांना आवर्जून सांगावे.

लेप्टोस्पायरोसिस : १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अंदमानात पावसाळ्यानंतर ताप, खोकल्यावाटे रक्त आणि झपाट्याने मृत्यू असा एक आजार दिसू लागला. कारण न कळल्याने त्यास 'अंदमान रक्तस्रावी ज्वर' म्हणत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पोर्ट ब्लेअर येथील केंद्राने पुढे दाखवून दिले की तो फुप्फुसांवर हल्ला करणारा लेप्टोस्पायरोसिस आहे. आपल्या दृष्टीने बोध असा की, पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात व चिखलात अनवाणी चालू नये. आणि परतल्यानंतर महिनाभरात ताप आल्यास 'अंदमानास गेलो होतो' हे पहिल्या वाक्यात सांगावे. व्हायव्हॅक्स हिवताप तर कित्येक महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

औषधांची पेटी : आईची रक्तदाबाची औषधे दोन संचांत घेतली, एक तिच्याजवळ, एक माझ्याजवळ, दोन्ही हाताशी असलेल्या पिशवीत. इन्सुलिन असल्यास ते कधीही विमानाच्या सामानकक्षात देऊ नये, तेथे ते गोठू शकते. याखेरीज पॅरासिटामॉल, ओ.आर.एस.ची पाकिटे, झिंक, एक अँटिहिस्टामिन, तापमापक आणि पट्टीचे सामान. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. व्यापारी नाव बेटावरील दुकानात मिळेलच असे नाही.

बोट लागणे

राजधानीहून स्वराज द्वीपास बोटीने दीड ते अडीच तास लागतात. समुद्र कधीच न पाहिलेल्या आपल्या मंडळींना याचीच धास्ती अधिक असते. दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाही; दोन ते बारा या वयात ती सर्वाधिक लागते. बोटीच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील जागा घ्यावी, नजर क्षितिजावर ठेवावी, पुस्तक व मोबाइल मिटून ठेवावेत, आणि पोट रिकामेही नसावे व तुडुंबही नसावे.

औषधांत आपल्याकडे प्रोमेथाझिन प्रचलित आहे. श्वसन मंदावण्याच्या भीतीने ते दोन वर्षांखालील मुलांना देणे निषिद्ध आहे, हे आपणास ठाऊक असले तरी औषधांच्या दुकानातून परस्पर घेणाऱ्या पालकांस ठाऊक नसते. उलटीसाठी सरसकट वापरले जाणारे ओन्डॅन्सेट्रॉन बोट लागण्यावर फारसे प्रभावी नाही. कारण तो त्रास आतड्यातून नव्हे, तर कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून व डोळ्यांच्या विसंगत संदेशांतून उद्भवतो. औषध बोटीच्या अर्धा-एक तास आधी द्यावे; उलटी सुरू झाल्यावर दिलेले वाया जाते. काही मुले या औषधाने झोपण्याऐवजी चिडखोर होतात, म्हणून ते प्रथमच प्रवासात न देता घरी एकदा देऊन पाहावे.

पाणी, ऊन आणि लाटा

आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, त्यामुळे तीस अंशांच्या अंदमानाची आपणास काय मातब्बरी, असे वाटते. परंतु आपली उष्णता कोरडी, तेथील हवा दमट. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि वाऱ्यामुळे ऊन जाणवतही नाही. दहा ते तीन या वेळात मुलांना सावलीत ठेवावे. सहा महिन्यांखालील बाळास उन्हात नेऊच नये. मोठ्यांना एस.पी.एफ. ३० किंवा अधिकचे मलम दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. मात्र अंगभर कपडा व टोपी हे कोणत्याही मलमापेक्षा श्रेष्ठ.

याहून गंभीर विषय बुडण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतील जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. चित्रपटातील बुडणारा हातपाय मारतो, ओरडतो. खरे मूल आवाज न करता मिनिटभरात दिसेनासे होते. म्हणून 'मुलाकडे लक्ष ठेवा' हा सल्ला अपुरा आहे. आम्ही घरात नियम केला : पाण्याजवळ असताना नातू एका ठरलेल्या प्रौढाच्या हाताच्या अंतरात राहील, आणि त्या प्रौढाच्या हातात मोबाइल नसेल. पाळी बदलताना 'आता तुझ्याकडे' असे मोठ्याने म्हणावयाचे. सर्वांचे लक्ष असते तेव्हा कोणाचेच नसते, हे आपण रुग्णालयातही अनुभवतो. हवेने फुगणारी रंगीत कडी म्हणजे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे.

ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंज देत न बसता किनाऱ्याला समांतर पोहावे. आणि फलक पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये. या बेटांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉक येथे एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. राधानगरचा किनारा २००४ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविला, आणि तो आहेही तसाच. परंतु सौंदर्य हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

माझ्या मुलीला पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ पाहावयाचे होते. येथे नियोजनाचा एक मुद्दा निर्णायक ठरतो. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्याआधी विमानाच्या कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होतात व सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांना इजा होऊ शकते. एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असे मान्य संकेत आहेत; चोवीस तास ठेवणे अधिक चांगले. म्हणून बुडीचा दिवस सहलीच्या मध्यावर ठेवला. दमा, फिट्स, कानाचा पडदा फाटलेला असणे, किंवा नुसती सर्दीही असल्यास बुडी टाळावी. दहा वर्षांखालील मुलांसाठी हा खेळ नाही.

जेलीफिश लागल्यास चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, तंतू काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा. प्रवाळाचे ओरखडे क्षुल्लक दिसले तरी चिघळतात. ते स्वच्छ धुवावेत. शंख व प्रवाळ मुलांनी गोळा केले, तरी किनाऱ्यावरच ठेवून यावेत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

जेथे आम्ही गेलो नाही

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा व चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यास बरेच पर्यटक जातात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. १९५६ च्या विनियमाने त्यांच्या प्रदेशास संरक्षण दिलेले आहे. वाटेत थांबणे, छायाचित्रे घेणे, खाद्यपदार्थ देणे हे सर्व निषिद्ध आहे. एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटेत थांबण्याच्या आणि एखादे बिस्किट पुढे करण्याच्या मोहापेक्षाही एका गोष्टीची अधिक भीती वाटते, ती म्हणजे आपल्या मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याची. १८७७ मध्ये गोवराच्या एका साथीने ग्रेट अंदमानी लोकांची दाणादाण उडविली. सर्व साथींचा व उपेक्षेचा एकत्रित परिणाम असा की, हजारोंनी असलेला हा समाज १९६१ च्या जनगणनेत अवघा १९ उरला होता. जारवा बाहेरच्या जगाच्या संपर्कात येऊ लागल्यावर १९९९ मध्ये व पुन्हा २००६ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला.

आपल्या ओ.पी.डी.त गोवराचे मूल आले तर आपण त्याला वेगळे बसवितो. येथे प्रतीक्षाकक्ष म्हणजे एक अख्खे अरण्य आहे आणि त्यातल्या माणसांच्या अंगी आपल्या रोगांशी झगडण्याची पिढीजात सवय नाही. त्या सकाळी नातवाला थोडी सर्दी होती. गुहा पाहण्याचा बेत आखणीत नव्हताच; वाहनचालकाने आग्रह केला तरी तो बदलला नाही. कोणी जाऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु डॉक्टराने जाण्यापूर्वी हा विचार करावा, एवढेच सुचवितो.

सेल्युलर जेल

मराठी माणसाची अंदमानयात्रा या वास्तूशिवाय पूर्ण होत नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. स्वातंत्र्यवीर सावरकर जुलै १९११ मध्ये येथे आले आणि १९२१ मध्ये येथून हलविले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून येथेच होते. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली. जुन्या भुजा पाडून मोकळ्या झालेल्या जागेतच १९६३ मध्ये पंत रुग्णालय उभे राहिले. जेथे माणसे खंगत होती, त्याच आवारात आज बालके जन्मास येतात.

एक नाव मात्र डॉक्टरांनी येथे विसरू नये. १७ मे १९३३ रोजी उपोषणास बसलेल्या महावीर सिंह या क्रांतिकारकास बळजबरीने नळीतून दूध पाजण्यात आले. ते फुप्फुसात गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. आपण नवजात शिशूंच्या नाकातून नळी रोज घालतो, आणि दूध सोडण्यापूर्वी ती जठरातच आहे ना, याची खात्री करून घेतो. ते आपल्याला तांत्रिक पाऊल वाटते. त्या कोठड्यांसमोर उभे राहिल्यावर जाणवले की ज्याच्या शरीरात नळी जाते, त्याची संमती आणि त्याचा जीव, दोन्ही त्या एका पावलात सामावलेले असतात. मुलीने विचारले, 'बाबा, नळी घालणारा डॉक्टरच होता का?' त्या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प राहिलो.

तुरुंग तीन मजली आहे. आईच्या गुडघ्यांमुळे ती खालीच थांबली. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. आईसारख्या ज्येष्ठांसाठी संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम सोयीचा. त्यासाठी, तसेच साप्ताहिक सुट्टीच्या वाराविषयी, आधी चौकशी करून तिकिटे काढावीत.

शेवटी

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्रतळातून टाकलेली केबल कार्यान्वित झाल्यापासून बेटांवर दूरध्वनी व इंटरनेट यांची सोय बरीच सुधारली आहे. ही सोय वरदान की संकट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी दिवसातून एकदा, रात्री आठ वाजता, सहकाऱ्यांशी बोलण्याचे ठरविले होते. सहा दिवसांत दोनच मुलांविषयी विचारणा झाली आणि दोघांचीही व्यवस्था त्यांनी माझ्याशिवाय उत्तम केली. आपल्यावाचून गावाचे अडते, ही समजूत जितकी सुखद, तितकीच ती आपल्याला थकविणारी आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या संघटनेने वर्षारंभी सभासदांच्या सुट्ट्यांचे एक सामाईक पत्रक करावे. एकाच शाखेतील दोघे एकाच आठवड्यात बाहेर जाणार नाहीत आणि गेलेल्याचे रुग्ण कोण पाहील, हे आधीच लिहिलेले असेल. यास खर्च काहीच नाही, लागतो तो परस्परविश्वास. तो असला, तर आपल्यातील प्रत्येकाला वर्षातून एकदा, समुद्र असो वा डोंगर, सहा दिवस माणूस म्हणून जगता येईल. आणि पुढच्या वेळी 'हवापालट करा' असे रुग्णास सांगताना आपल्या शब्दास अनुभवाचे वजन येईल.